नामानाच्या घरची मुलगी : मानवी तस्करीविरुद्ध आपल्या चर्चच्या मंडळीत काम कसं सुरू करावं

बायबलमधली नामानाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. अरामाचा सेनापती, अंगावर कोड म्हणजे कुष्ठ, संदेष्टा अलीशाचा निरोप, यार्देन नदीत सात बुड्या. इंदूरजवळच्या महूच्या शब्बाथ शाळेत आम्ही तिचं नाटक करायचो. निळी चादर म्हणजे यार्देन, आणि नामान झालेल्या मुलाने तिच्यामागे सात वेळा खाली बसायचं. त्या नाटकात एका लहान मुलीला एकच वाक्य असायचं : माझे धनी शोमरोनातल्या संदेष्ट्याकडे गेले तर बरे होतील. एवढं बोलून ती पडद्याआड जायची. मी दोनदा ती मुलगी झाले होते.

साठी ओलांडल्यावर 2 राजे 5 चं दुसरं वचन मी पुन्हा सावकाश वाचलं. अरामी टोळ्यांनी ती मुलगी इस्राएलातून धरून नेली होती. पळवून आणलेलं मूल, परक्या देशात, परक्या घरात कामाला. तिचं नाव लिहिलेलं नाही. तिच्या आईबापांचं काय झालं, ती झोपायची कुठे, काहीच नाही. नामान बरा होऊन घरी परतला तेव्हा तिला कोणी गावी पोचवलं का, तेही नाही.

आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, अशी एक मुलगी होती. शेवटच्या बाकावर, चपलांच्या रांगेजवळ, मांडीवर दुसऱ्याचं बाळ. गीताला सगळे उभे राहिले की तीही बाळासकट उभी राहायची. उपासनेनंतर बाकीचे चहा घ्यायचे आणि ती नळावर दुधाची बाटली धुवायची. जिच्या घरी ती होती ती माझी महिला संघातली मैत्रीण, वीस वर्षांची ओळख. "ताई, खाऊनपिऊन सुखी आहे ती. गावात उपाशी मेली असती," असं ती म्हणाली आणि मी मान डोलावली. पुढे मुलीच्या मनगटावर इस्त्रीचा डाग दिसला. मी 31 वर्षं सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स होते, भाजल्याचा डाग किती दिवसांचा हे मला नुसतं बघून कळतं. विचारू कधीतरी, असं मनाशी म्हटलं. ते कधीतरी यायला आठ महिने लागले.

उत्पत्तीच्या 37 व्या अध्यायात योसेफाला चांदीच्या वीस नाण्यांना विकलं जातं. यहूदा म्हणतो, मारून काय फायदा, विकूया. पण मला तिथला रऊबेन बोचतो. त्याच्या मनात योसेफाला वाचवायचं होतं. नंतर येऊन खड्ड्यातून काढू, असं त्याने ठरवलं होतं. तो परत आला तेव्हा खड्डा रिकामा होता. त्याने आपले कपडे फाडले. त्याचा हेतू चांगला होता आणि त्या हेतूचा योसेफाला काहीही उपयोग झाला नाही.

म्हणून हे लिहिते आहे. गाडी नाही, वकील नाही, निधी नाही, अशा तीस-चाळीस घरांच्या मंडळीने काय करावं आणि काय करू नये, एवढंच.

पहिली बैठक

सुरुवात वचनापासूनच करा. कारण तुमच्या मंडळीतही कोणीतरी म्हणणारच की हे पोलिसांचं काम, आपलं काम प्रार्थना. आमच्या पाळकसाहेबांनी पहिल्या बैठकीत भाषण केलं नाही. त्यांनी नुसती वचनं वाचून दाखवली आणि प्रत्येकानंतर थोडा वेळ गप्प बसले. निर्गम 21:16 : माणूस चोरून विकणाऱ्याला मरणाची शिक्षा. अनुवाद 24:7 : तेच, आपल्या भाऊबंदाबद्दल. अनुवाद 23:15 : धन्याकडून पळून तुझ्याकडे आलेल्या दासाला परत त्याच्या हवाली करू नकोस. आमोस 2:6 : नीतिमानाला रुप्यासाठी आणि गरिबाला वहाणांच्या जोडीसाठी विकणारे. 1 तीमथ्य 1:10 मध्ये पौलाने खुनी आणि खोटी शपथ घेणारे यांच्याच रांगेत माणसं पळवणाऱ्यांना बसवलं आहे. पाच वचनं झाल्यावर, हे आपलं काम नाही, असं कोणी म्हणालं नाही.

मग नामानाची गोष्ट काढा आणि बायकांना विचारा : ही मुलगी आज कोणाच्या घरी आहे? आमच्याकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक म्हातारी बाई म्हणाली, "माझ्या सुनेकडे आहे." काम तिथून सुरू झालं.

कशाला तस्करी म्हणायचं

आपल्या डोक्यात तस्करी म्हणजे रात्रीची गाडी, बेशुद्ध केलेली मुलगी आणि मुंबईचा कोठा. तसंही होतं. पण मी वॉर्डात पाहिलेल्या बहुतेक गोष्टी दिवसाढवळ्या, ओळखीच्या माणसाबरोबर, इंदूरच्या सरवटे बस स्टँडवर तिकीट काढून घडलेल्या होत्या.

तीन गोष्टी तपासा. पहिली, माणसाला आणलं, नेलं, ठेवून घेतलं किंवा दुसऱ्याच्या हवाली केलं का? दुसरी, त्यासाठी धाक, फसवणूक, आमिष किंवा त्याच्या अडचणीचा फायदा वापरला का? तिसरी, हे त्याला राबवून घ्यायला, त्याच्या देहाचा धंदा करायला किंवा त्याला गुलामासारखं ठेवायला केलं का? संयुक्त राष्ट्रांचा 2000 सालचा करार असाच मांडलेला आहे, आणि मूल अठराच्या आतलं असेल तर त्या करारात दुसरी गोष्ट सिद्ध करावीच लागत नाही. भारताने तो 2011 मध्ये मान्य केला. आपल्या कायद्यात आधी हे दंडविधानाचं कलम 370 होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 143 आहे. मुळात घटनेच्या 23 व्या कलमानेच माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी यांना बंदी घातली आहे.

कलम 143 मधलं एक वाक्य मी आमच्या महिला संघाला पाठ करायला लावलं : पीडिताची संमती होती की नव्हती याला महत्त्व नाही. "ती तर स्वखुशीने आली", "आईनेच पाठवली", "तिच्या बापाने पैसे घेतले" ही वाक्यं तुम्हाला पन्नास वेळा ऐकू येतील. त्यांनी गुन्हा पुसला जात नाही.

आधी आपलं स्वयंपाकघर

बस स्टँडवर जाण्याआधी आपल्या घरात बघा. हा भाग सगळ्यात अवघड आहे, कारण इथे समोर अनोळखी गुंड नसतो, आपल्याच प्रभूभोजनाला बसणारं माणूस असतं.

2016 च्या दुरुस्तीनंतर चौदाच्या आतल्या मुलाला घरकामालाही ठेवता येत नाही. शाळा सांभाळून स्वतःच्या कुटुंबाला हातभार लावला तर ती गोष्ट वेगळी. चौदा ते अठरा वयाच्या मुलाला धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. आणि बाल न्याय कायद्याचं, म्हणजे 2015 च्या कायद्याचं, कलम 79 बहुतेकांना माहीतच नसतं : अठराच्या आतल्या मुलाला कामासाठी बांधून ठेवणं, त्याचा पगार अडवणं किंवा तो पगार स्वतः वापरणं, याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. "पगार मी तिच्या लग्नासाठी माझ्याकडेच जमा ठेवलाय" हे वाक्य मी चांगल्या चांगल्या घरांत ऐकलं आहे. म्हणणाऱ्यांना ते खरोखर पुण्य वाटत होतं.

मोठ्या वयाच्या कामवालीबद्दलही चार प्रश्न स्वतःला विचारा. तिचा पगार तिच्या हातात किंवा तिच्या खात्यात जातो का? तिचं आधार कार्ड तिच्याच पिशवीत आहे का, की "सांभाळून" तुमच्या कपाटात? आठवड्यातून एकदा ती घरच्यांशी, तुम्ही ऐकत नसताना, फोनवर बोलते का? आज संध्याकाळी तिला गावी जावंसं वाटलं तर दार तिच्यासाठी उघडं आहे का? एकाचंही उत्तर नाही आलं, तर ते आजच दुरुस्त करा, पुढच्या महिन्यावर टाकू नका. आणि आणून देणाऱ्या माणसाला पैसे मोजून मुलगी घेतली असेल, तर कितीही गोड शब्द वापरले तरी तो व्यवहार खरेदीचा होता, हे मान्य करा.

विचारायचं कसं

मी नर्स म्हणून शिकले ते सांगते. सोबतचा माणूस प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वतः देतो, रुग्णाला एकटं सोडतच नाही, घाईत असतो. मुलीला आपल्या घराचा पत्ता सांगता येत नाही. दुखणं जुनं, पण आणलंय आज. सांगितलेलं वय आणि अंगाचं वय जुळत नाही. यातली एखादी खूण कुठेही दिसेल. तीन-चार एकत्र दिसल्या तर थांबा.

सगळ्यांसमोर विचारू नका. निमित्त काढून बाजूला घ्या. रुग्णालयात मी वजन करायला नेत असे. देवळात मी त्या मुलीला म्हटलं, चल, कप विसळायला हात लाव. तिच्याशी तिच्या भाषेत बोला, निदान हिंदीत, आणि तुम्ही स्वतः आधी खाली बसा. उभ्या माणसाला मूल खरं सांगत नाही. "तुला त्रास देतात का?" असं विचारलंत तर ती नाहीच म्हणेल. साधं विचारा. आई से कब बात हुई थी, बेटा? सोती कहाँ हो? पैसे किसके पास जाते हैं?

ती कप पुसत होती. पहिल्या प्रश्नाला तिने बोटं मोजली आणि म्हणाली, आंब्याला मोहोर होता तेव्हा. आम्ही बोलत होतो तेव्हा पाऊस लागून महिना झाला होता, आणि तो मोहोर आदल्या वर्षीचा होता. पैशाचं विचारलं तर म्हणाली, चाचा घेतात. चाचा म्हणजे आणून सोडणारा माणूस. झोपायचं बाल्कनीत, वॉशिंग मशीनशेजारी.

एकच पाळा : वचन देऊ नका. "मी तुला उद्या घरी नेते" असं माझ्या ओठांवर आलं होतं. ते आपल्या हातात नसतं, आणि एकदा फसलेल्या मुलाला दुसऱ्यांदा फसवलं तर ते तिसऱ्यांदा तोंड उघडत नाही. मी एवढंच म्हटलं, तू सांगितलंस ते मी मदत करणाऱ्या माणसांना सांगणार आहे. तिने मान हलवली नाही, पण कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

फोन आणि कागद

मूल असेल तर 1098. हा क्रमांक चोवीस तास चालतो, नाव सांगावंच लागतं असं नाही. आत्ता मारहाण चालू आहे, आत्ता गाडीत बसवताहेत, असं असेल तर 112. रेल्वेच्या डब्यात असाल तर 139. प्रौढ बाईसाठी 181. हे आकडे देवळाच्या स्वयंपाकघरात, चहाच्या डब्यांवर, मोठ्या अक्षरात चिकटवा. सूचनाफलकावर कोणी वाचत नाही.

फोन करण्याआधी दोन मिनिटं घेऊन कागदावर लिहा : कुठे, कधी पाहिलं, मूल कसं दिसतं, सोबत कोण, गाडीचा क्रमांक, मुलाने स्वतःच्या शब्दांत काय सांगितलं. तुमचा अंदाज वेगळा लिहा, तिचे शब्द वेगळे. फोन झाल्यावर तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं पद लिहून ठेवा. माझ्या कागदावर "आंब्याला मोहोर" असंच लिहिलेलं होतं आणि पुढे बाल कल्याण समितीत त्याचा उपयोग झाला.

निराधार किंवा एकटं सापडलेलं मूल दिसलं तर चोवीस तासांत कळवणं हे बाल न्याय कायद्याच्या कलम 32 ने आपल्यावर बंधन आहे. तसंच मुलावर लैंगिक अत्याचाराचा संशय असूनही गप्प बसणं हा 2012 च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे. पाळकालाही त्यातून सूट नाही.

मुलाला चोवीस तासांच्या आत जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे नेतात. अध्यक्ष आणि चार सदस्य, दंडाधिकाऱ्याचे अधिकार. मूल कुठे राहील, घरी कधी जाईल, हे ती ठरवते. वय ठरवताना आधी शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र, ते नसेल तर जन्माचा दाखला, तोही नसेल तरच हाडांची तपासणी. आमच्या मुलीच्या आधारवर वय एकोणीस होतं. गावच्या शाळेच्या दाखल्याने ते तेरा निघालं.

ठाण्यात "हा आमच्या हद्दीतला विषय नाही" असं ऐकायला मिळालं तर शांतपणे शून्य एफआयआर मागा. दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, ठाण्याला तो नोंदवून पुढे पाठवावा लागतो. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. बेपत्ता मुलाच्या तक्रारीवर, मूल पळवलं किंवा विकलं गेलं असं धरूनच गुन्हा नोंदवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलं आहे. वकील परवडत नसेल तर 15100 वर विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि मानवी तस्करीच्या पीडिताला मिळकत न बघता मोफत वकील मिळतो.

एकटे जाऊ नका. आम्ही तिघं गेलो होतो. मी, पाळकसाहेब आणि निवृत्त शिक्षक असलेले एक काका, ज्यांचं अक्षर चांगलं आहे. अर्ज हाताने लिहायची वेळ येतेच.

काय करू नये

मुलाला स्वतःच्या घरी नेऊ नका, देवळाच्या खोलीत लपवू नका. प्रेम कितीही असो, कागदावर ते अपहरण दिसेल आणि खऱ्या गुन्हेगाराचा वकील त्याचाच आधार घेईल. मुलांचं घर उघडण्याचा विचार मनात आला तर थांबा. बाल न्याय कायद्याच्या कलम 41 खाली नोंदणी नसलेलं बालगृह बेकायदा आहे. मालकाला पैसे देऊन मूल "सोडवून" आणू नका. त्या पैशांतून तो दुसरं आणेल. फोटो काढू नका, मंडळीच्या व्हॉट्सॲप गटात टाकू नका. मुलाची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे. मी या मुलीचं नाव, गाव, जिल्हा कुठेच लिहिलेला नाही, आणि तुम्ही मला भेटलात तरी सांगणार नाही.

आता आपल्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलते. मदतीच्या बदल्यात प्रार्थना मागू नका. मुलीला उपासनेला बसवू नका, तिच्या आईबापांच्या हातात पत्रक देऊ नका. मध्य प्रदेशात 2021 चा धर्मस्वातंत्र्य कायदा आहे आणि संशय लवकर घेतला जातो, हे एक कारण. पण तो कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. लूक 17 मध्ये दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि परत आला एकच. प्रभूने विचारलं की बाकीचे नऊ कुठे आहेत. पण त्या नऊ जणांचं बरेपण काढून घेतलं नाही.

तरीही आरोप होतील. प्रेषितांची कृत्ये 16 वाचा. फिलिप्पैत एक दासी भविष्य सांगून धन्यांना पैसा मिळवून देत असे. पौलाने तिला मोकळं केलं, धन्यांची कमाई बुडाली, आणि त्यांनी पौल-सीलाला अधिकाऱ्यांपुढे ओढलं. तिथे त्यांनी कमाईचा शब्दही काढला नाही. हे परके लोक आपल्या शहरात गोंधळ घालतात, आपल्या चालीरीती बिघडवतात, असं म्हणाले. तुमच्यावरही असंच काहीतरी येईल. म्हणून प्रत्येक पाऊल समिती आणि पोलीस यांच्यामार्फत, लेखी, उजेडात.

आणि कृपा करून, सुटून आलेल्या मुलीला साक्ष द्यायला पुलपिटावर उभं करू नका. आपल्याला साक्षी आवडतात, ऐकून आपले डोळे भरतात. पण ज्या मुलीच्या अंगाचा इतरांनी इतका वापर केला, तिच्या दुःखाचा वापर आपल्या उपासनेसाठीही करू नये.

क्षमेचा प्रश्न

माझी मैत्रीण रडत घरी आली. "ताई, तू मला आधी का नाही बोललीस? बायबल क्षमा सांगतं, तू पोलीस आणलेस." पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. दुसऱ्याबद्दल मी तिला राणी मारिया यांची आठवण दिली. इंदूरला सगळ्यांना माहीत आहे : उदयनगर भागात सावकारी आणि कर्जाखाली दबलेल्या आदिवासींमध्ये काम करणारी केरळची ही धर्मभगिनी 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरला येणाऱ्या बसमध्ये मारली गेली. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदुरातच तिला धन्य घोषित केलं. तिच्या सख्ख्या बहिणीने मारेकऱ्याला राखी बांधली, तीही तो तुरुंगात शिक्षा भोगत असताना. त्या बहिणीने खटला चालूच नये असं म्हटलं नव्हतं. मी मैत्रिणीला म्हटलं, मी तुझ्याबरोबर ठाण्यात बसेन, तुझ्या बाळाला सांभाळेन, तुझ्यासाठी प्रार्थना करेन, पण जबाब बदलणार नाही. ती वर्षभर देवळात आली नाही. आता कधी कधी येते, मागच्या बाकावर बसते.

दिवाळीच्या आधी

सुटकेपेक्षा मोठं काम इथे आहे. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीकडची माणसं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात, बरीचशी गुजरातेत बांधकामावर, काही महाराष्ट्रात कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला. होळीच्या तोंडावर भगोरियाच्या जत्रेला परततात. दार उघडतं ते उचलीने. मुकादम पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, दहा-वीस हजार हातावर ठेवतो, आणि मग हिशोब कधी फिटतच नाही. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असं कर्ज आपोआप रद्द होतं, तक्रार थेट जिल्हाधिकाऱ्याकडे करता येते. पण ते फसल्यानंतर. आधी काय?

2 राजे 4 मध्ये एका विधवेची दोन्ही मुलं नेऊन गुलाम करायला सावकार दारात येतो. अलीशा तिला विचारतो, घरात काय आहे? तेलाची एक कुपी. मग तो म्हणतो, शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी माग, थोडी नको, पुष्कळ माग. मला त्या शेजाऱ्यांचं कौतुक वाटतं. त्यांच्याकडे तेल नव्हतं, भांडी होती, ती त्यांनी दिली.

आमच्या मंडळीची भांडी अशी : महिला संघाच्या वर्गणीतून जून ते ऑगस्ट धान्य आणि बिनव्याजी छोटी उसनवार, ओळखीच्या तीन वस्त्यांत, कोणत्याही धर्माच्या घराला. आणि निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची वहीत नोंद. मुकादमाचं नाव, फोन, गाडीचा क्रमांक, कामाचं गाव, उचल किती, मजुरी किती ठरली. मुकादमासमोरच लिहायचं. नाव लिहिलं जातंय हे कळल्यावर दोन मुकादम त्या वस्तीत पुन्हा आलेच नाहीत. कुटुंबाशी एक खुणेचं वाक्य ठरवा. आमच्याकडे ते "शेळी व्याली का?" असं आहे. फोनवर हे वाक्य आलं की आम्ही समजतो, माणूस अडकला आहे आणि बाजूला कोणीतरी ऐकतंय. शाळा सोडून निघालेल्या मुलाच्या शिक्षकाला कळवा, जमलं तर मूल आजीजवळ ठेवा.

1897 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई पुण्याहून मध्य प्रांतात आल्या होत्या. त्यांनी स्वतः कोवळ्या वयात दुष्काळात आईवडील गमावले होते. मदतीच्या छावण्यांत त्यांनी उपाशी विधवा आणि मुली पाहिल्या, आणि त्यांच्यावर टपलेली माणसंही पाहिली. शेकडो जणींना त्यांनी सोबत नेलं. आज तसं उचलून नेता येणार नाही, नेऊही नये. पण पुढे केडगावला त्यांनी जे केलं ते आजही करण्यासारखं आहे : विणकाम, शेती, घाणा, छापखाना. रमाबाईंनी मराठीत आणलेलं पवित्र शास्त्र त्याच बायकांनी खिळे जुळवून छापलं.

नंतर

नामानाच्या मुलीचं पुढे काय झालं ते लिहिलेलं नाही. फिलिप्पैच्या दासीचंही नाही. आपण हे लिहून ठेवलं पाहिजे, म्हणून आमच्या वहीत प्रत्येक मुलामागे एक कोरं पान सोडतो आणि दर महिन्याला त्यावर एक ओळ लिहितो.

आमची मुलगी अडीच महिने बालगृहात राहिली, मग समितीने तिला तिच्या जिल्ह्याच्या समितीकडे पाठवलं आणि तिथून घरी. परत गेल्यावर गावात बोभाटा होतो, लग्न जमेल का यावर कुजबुज होते, आणि तोच चाचा दुसऱ्या नावाने पुन्हा येतो. म्हणून तिथल्या शाळेतल्या एका बाईंशी आम्ही परवानगीने संपर्क ठेवला. मुलगी आता नववीत आहे. एका ओळीत लिहिलंय, गणितात नापास. पुढच्या ओळीत, पास.

थकलेल्या पगाराचा मामला मात्र अजून चालू आहे. तारखा पडतात. तिचे वडील दोन बस बदलून येतात, आणि न्यायालयाच्या आवारात त्यांना एकटं उभं राहावं लागू नये म्हणून आम्ही पाळी लावली आहे : एकाने गंगवाल स्टँडवरून घ्यायचं, एकाने दिवसभर सोबत बसायचं, एकाने डबा द्यायचा. पुढची तारीख पावसाळ्यानंतरची आहे. डबा माझ्याकडे आहे. गंगवालवर घ्यायला कोण जाणार विचारलं तेव्हा मागच्या बाकावरून माझ्या मैत्रिणीने हात वर केला. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आधी मुलीच्या वडिलांना विचारूया, त्यांना चालेल का.